समीक्षकांना प्रार्थना खटकते की पटकथा?

प्रश्नकर्त्या बाईंचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘वॉर रूम’ हा २०१५ सालचा अमेरिकन चित्रपट त्यांनी आपल्या सासूबाईंबरोबर पाहिला. मोडायला आलेला एक संसार प्रार्थनेच्या बळावर सावरतो, अशी त्याची कथा. दोघींचेही डोळे पाणावले. त्यानंतर त्यांनी परीक्षणे वाचली, तेव्हा बहुतेकांनी चित्रपटाला उपदेशपर, बटबटीत आणि एकांगी ठरवलेले दिसले. आपण जे पाहिले ते या मंडळींनी पाहिलेच नाही, की श्रद्धेचा विषय निघताच त्यांचे मन बंद होते, असे त्यांनी विचारले आहे. अशा चित्रपटांची परीक्षणे कशी वाचावीत, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

गेली तीसेक वर्षे मी चित्रपट-परीक्षणे लिहितो आणि रसास्वादाचे वर्ग घेतो. अमेरिकेत ज्याला ‘फेथ-बेस्ड’ म्हणतात त्या श्रद्धाप्रधान चित्रपटांची परीक्षणे लिहिताना मीही चुकलो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. मन बंद करून बसणारे समीक्षक असतात, हे मी नाकारणार नाही. तरीही या चित्रपटांना मिळणाऱ्या थंड प्रतिसादाचे मुख्य कारण पटकथेत असते, आणि तेही बहुधा एकाच जागी असते. त्या जागेविषयी मी सविस्तर लिहिणार आहे. त्याआधी आकड्यांचा गैरसमज दूर करायला हवा, कारण बाईंच्या दुखावलेपणात त्याचा वाटा मोठा आहे.

‘वॉर रूम’चा निर्मितीखर्च सुमारे ३० लाख डॉलर होता आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत त्याने ६ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर मिळवले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो तिथल्या कमाईच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांची मते नोंदवणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत त्याला ‘ए प्लस’ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर मात्र त्याच्या बाजूने असलेली परीक्षणे जेमतेम एक-तृतीयांश होती. हे दोन निकाल शेजारी ठेवले की जनता एकीकडे आणि शहाणे दुसरीकडे असा तंटा उभा राहिल्यासारखा वाटतो. वस्तुतः या दोन मापांनी दोन वेगळ्याच गोष्टी मोजल्या जातात.

रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल आहेत, एवढेच ती सांगते. सगळ्या समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला “ठीक आहे, पाहायला हरकत नाही” असे म्हटले तर त्याला १०० टक्के मिळू शकतात. उलट दहापैकी चार जणांनी त्याला वर्षातला उत्तम चित्रपट ठरवले आणि सहांना तो थोडक्यात हुकलेला वाटला, तर तो ४० टक्क्यांवर थांबतो आणि ६० टक्क्यांची रेघ न ओलांडल्यामुळे ‘सडका’ म्हणून नोंदवला जातो. श्रद्धाप्रधान चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांचे निर्माते पुष्कळदा समीक्षकांसाठी आधी खेळ ठेवतच नाहीत, कारण त्यांच्या प्रेक्षकाला परीक्षणाची गरज नसते. परिणामी मोठ्या चित्रपटाची शेकड्यांनी परीक्षणे येतात तिथे यांची काही डझनच येतात, आणि त्यांतलीही काही संपादकाने सोपवले म्हणून घाईत लिहिलेली असतात. इतक्या थोड्या मतांवरून काढलेली टक्केवारी फार गांभीर्याने घेऊ नये.

सिनेमास्कोरची मर्यादा नेमकी उलट बाजूची आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेते. जो पहिल्याच दिवशी तिकीट काढून आला त्याला चित्रपट आवडण्याची तयारी आधीच असते, म्हणून ही श्रेणी अपेक्षापूर्तीचे माप ठरते. श्रद्धाप्रधान चित्रपटाच्या बाबतीत तर पाळकांना चित्रपट आधी दाखवलेला असतो, चर्चमधून गटाने तिकिटे घेतलेली असतात, आणि पाहून झाल्यावर चर्चा करण्यासाठी पुस्तिकाही तयार असतात. असा प्रेक्षक चित्रपटगृहात येतो तो आपल्या लोकांबरोबर, आपले काही ऐकायला. त्याला ते ऐकायला मिळाले की श्रेणी वर जाते. २०१८ सालच्या ‘हेरेडिटरी’ या भयपटाची समीक्षकांनी मनापासून वाखाणणी केली, पण सिनेमास्कोरमध्ये त्याला ‘डी प्लस’ मिळाली, कारण पहिल्या रात्री आलेल्या प्रेक्षकाला ज्या जातीचे भय हवे होते ते त्याला मिळाले नाही. त्या निकालावरून कोणी प्रेक्षकांना अडाणी ठरवू नये, तसे ‘ए प्लस’वरून समीक्षकांना पाषाणहृदयीही ठरवू नये.

हे चित्रपट कुठून आले, हे कळले की प्रश्नाचा गाभा लवकर हाती लागतो. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी या गावातल्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने २००३ मध्ये आपल्याच सदस्यांना घेऊन ‘फ्लायव्हील’ हा चित्रपट तयार केला. ॲलेक्स आणि स्टीफन हे केंड्रिक बंधू त्यामागे होते. २००६ मध्ये त्यांचा ‘फेसिंग द जायंट्स’ आला. खर्च सुमारे १ लाख डॉलर आणि कमाई १ कोटी डॉलरच्या वर. २००८ चा ‘फायरप्रूफ’ सुमारे ५ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास मिळवले. नट बव्हंशी चर्चमधलेच हौशी लोक, जेवणापासून प्रकाशयोजनेपर्यंतची कामे करणारेही स्वयंसेवक. दरम्यान २००४ मध्ये ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ने एकट्या अमेरिकेत ३७ कोटी डॉलर मिळवल्यामुळे मोठ्या स्टुडिओंना या प्रेक्षकवर्गाची ताकद कळली होती, आणि २००७ मध्ये सोनीने अशा चित्रपटांसाठी ॲफर्म फिल्म्स ही स्वतंत्र शाखा काढली. ‘वॉर रूम’ केंड्रिक बंधूंचाच असून तो याच शाखेमार्फत आला.

या जन्मकथेतला महत्त्वाचा भाग असा की या मंडळींनी चित्रपटाकडे सेवाकार्य म्हणून पाहिले. पाहणाऱ्याच्या घरात काही बदलले का, एखाद्या जोडप्याने घटस्फोटाचा अर्ज मागे घेतला का, हे त्यांचे यशाचे माप आहे, आणि ते हलके माप आहे असे मी कधीच म्हणणार नाही. ‘फायरप्रूफ’मध्ये वडील मुलाला चाळीस दिवसांचे एक हस्तलिखित पुस्तक देतात, ते पुस्तक पुढे प्रत्यक्षात छापले गेले आणि त्याच्या प्रचंड प्रती खपल्या. चित्रपटाकडून असे काही साधायचे असले की त्याचा आकार बदलतो. तो दृष्टांताचा आकार घेतो. दृष्टांतात तात्पर्य आधी ठरलेले असते आणि माणसे त्या तात्पर्याच्या वाटेवर उभी केलेली असतात. नाटकात माणसे आधी असतात. ती काय करतील हे लिहिणाऱ्यालाही पूर्णपणे ठाऊक नसते, निदान तसे वाटावे लागते. केंड्रिक बंधूंचे चित्रपट दिसतात कौटुंबिक नाट्यासारखे आणि चालतात दृष्टांताच्या रीतीने. समीक्षकाला दाखवलेले असते नाट्य, म्हणून तो नाट्याचे माप लावतो. तुटलेला धागा मला दिसतो तो इथेच.

आता ‘वॉर रूम’च पाहू. एलिझाबेथ जॉर्डन घरे विकून देण्याचा व्यवसाय करते. तिचा नवरा टोनी औषध कंपनीचा विक्रेता आहे, घरात मन नसलेला, तोंडाने तुसडा, आणि दुसऱ्या एका स्त्रीकडे ओढला गेलेला. मुलगी डॅनियल या दोघांच्या कोरड्या संसारात एकटी पडली आहे. घर विकू इच्छिणाऱ्या मिस क्लारा या वृद्ध बाई एलिझाबेथला आपली कपड्यांची छोटी खोली दाखवतात. त्यांनी ती रिकामी करून प्रार्थनेसाठी राखली आहे, आणि नवऱ्याशी भांडण्याऐवजी खरी लढाई इथे लढ असे त्या तिला सांगतात. पहिला पाऊण तास हे घर मला खरे वाटले. पैशावरून होणारी कुरबूर, एकाच घरात राहून एकमेकांना टाळणे, मुलीसमोर आवाज दाबून बोलणे, हे सगळे ओळखीचे आहे. कॅरन ॲबरक्रॉम्बी यांनी साकारलेल्या मिस क्लारा तर या जातीच्या चित्रपटात क्वचित दिसणाऱ्या जिवंत व्यक्ती आहेत; त्यांच्या हट्टात, कोमट कॉफी पुढे करून शिकवण देण्यात, हसण्यात एक स्वतंत्र बाई आहे.

मग तो प्रसंग येतो. टोनी परगावी त्या स्त्रीबरोबर जेवायला बसलेला आहे आणि इकडे एलिझाबेथ प्रार्थना करते आहे. टोनीच्या पोटात कळ येते, तो धावत स्वच्छतागृहात जातो, आणि ती रात्र टळते. श्रद्धावान प्रेक्षकाला इथे देवाचा हात दिसतो आणि चित्रपटगृहात आनंदाची लहर उठते. समीक्षकाला मात्र इथे पात्र हातचे गेलेले दिसते. टोनीने त्या टेबलावर बसून काही ठरवायला हवे होते. तो उठून गेला असता तर ते त्याचे वळण ठरले असते. बसून राहिला असता तर ते त्याचे पाप ठरले असते आणि पुढची क्षमा महाग झाली असती. पोटदुखीने त्याला दोन्हीतून सोडवले. देवाने हस्तक्षेप केला याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माणसाच्या इच्छेला वळसा घालून तो केला, आणि त्यामुळे माणूस जसा होता तसाच उरला, ही तक्रार आहे. ख्रिस्ती धर्मविचारातही माणसाच्या स्वतंत्र इच्छेला केवढे मोठे स्थान आहे! त्या दृष्टीनेही हा प्रसंग श्रद्धेला न्याय देत नाही.

हीच गोष्ट याच चित्रपटात नीट साधलेलीही आहे, आणि ती बहुतेक परीक्षणांत नोंदली गेली नाही, हे मला अन्यायाचे वाटते. टोनीची नोकरी जाते. त्याने कंपनीच्या औषधांचे नमुने चोरून ठेवलेले असतात आणि ते कोणालाच ठाऊक नसते. बदलू लागलेला टोनी ते खोके घेऊन आपल्या जुन्या वरिष्ठांकडे जातो आणि कबुली देतो. ते खटला भरू शकतात, तो तुरुंगात जाऊ शकतो, आणि उत्तरासाठी त्याला थांबावे लागते. या थांबण्यात नाट्य आहे, कारण इथे कोणीही त्याला ढकललेले नाही आणि फळाची हमी नाही. पोटदुखीचा प्रसंग आणि खोक्यांचा प्रसंग एकाच पटकथेत आहेत. ज्या परीक्षणाने दोन्ही पाहिले नाहीत ते परीक्षण अर्धेच झाले, मग ते अनुकूल असो वा प्रतिकूल.

आणखी एका आक्षेपाविषयी लिहायला हवे, कारण तो अनेक स्त्री समीक्षकांनी गंभीरपणे मांडला आणि त्यात श्रद्धावान स्त्रियाही होत्या. बायकोने नवऱ्याशी वाद घालणे थांबवून देवाकडे जावे, हा सल्ला ज्या घरात नवरा नुसता तुसडा आहे तिथे एक गोष्ट सांगतो आणि ज्या घरात तो छळ करणारा आहे तिथे दुसरीच. चित्रपट या दोन घरांत फरक करत नाही. दृष्टांत म्हणून पाहिले तर तो सर्वांसाठीचा उपदेश होतो, आणि सर्वांसाठी तो सुरक्षित नाही. चित्रपटाची नायिका काही मार खाणारी बाई नाही, असे त्याचे समर्थक म्हणतात आणि ते खरे आहे. पण ज्याने आपल्या चित्रपटाचे यश प्रेक्षकांच्या घरात मोजायचे ठरवले आहे, त्याला प्रेक्षकांच्या सगळ्या घरांचा विचार करावा लागतो. हा आक्षेप मला पूर्वग्रहाचा वाटत नाही. चित्रपटाने स्वतःवर घेतलेली जबाबदारीच समीक्षकांनी त्याला आठवून दिली.

आता समीक्षकांच्या बाजूची चूक सांगतो, आणि ती माझ्यापासून सुरू करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका चित्रपटाच्या परीक्षणात मी पहिले दोन परिच्छेद प्रेक्षकांवर खर्च केले. ते कुठे हसले, कुठे टाळ्या वाजवल्या, कुठे मान डोलावत होते, याचे मी वर्णन केले होते आणि त्यात एक वरचा सूर होता. एका वाचकाने पत्र लिहून एवढेच विचारले की चित्रपटातल्या आईच्या कामाबद्दल तुम्ही एकही ओळ का लिहिली नाही. मी परीक्षण पुन्हा वाचले. खरोखरच एकही ओळ नव्हती, आणि त्या नटीचे काम चांगले होते. चित्रपटाऐवजी त्याच्या चाहत्यांचे परीक्षण लिहिणे ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत वाईट सवय आहे. ‘उपदेशपर’ हा शब्दही असाच आळसाने वापरला जातो. युद्धविरोधी किंवा वंशभेदविरोधी चित्रपटही उपदेश करतात आणि तिथे हा शब्द सहसा निघत नाही, कारण तो उपदेश लिहिणाऱ्याला आधीच मान्य असतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की हा शब्द वापरायचा असेल तर प्रसंग दाखवा, वाक्य दाखवा, ते पात्राच्या तोंडी का शोभत नाही ते सांगा. नाही तर तो शब्द खोडा.

तरीही “समीक्षकांना श्रद्धाच नको असते” हे म्हणणे टिकत नाही. या चित्रपटांवरची सर्वांत कडक परीक्षणे कित्येकदा श्रद्धावान समीक्षकांनीच लिहिली आहेत. कॅथलिक चर्चमध्ये डीकन, म्हणजे कनिष्ठ धर्माधिकारी, असलेले स्टीव्हन ग्रेडॅनस आणि पूर्वी ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या नियतकालिकात दीर्घकाळ चित्रपटांवर लिहिलेल्या अलिसा विल्किन्सन या दोघांचे लेखन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांना खटकते ते असे की आपल्या श्रद्धेची भाषा इतकी मोठी असताना पडद्यावर ती इतकी सोपी का होते. १९९५ मध्ये सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला या तीन भागांत प्रत्येकी १५. त्यात इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीचा १९६४ सालचा मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचा चित्रपट आहे. पाझोलिनी हा मार्क्सवादी आणि नास्तिक. म्हणजे चर्चनेही दिग्दर्शकाच्या श्रद्धेपेक्षा चित्रपटाच्या गुणाला वजन दिले. कान महोत्सवात १९७४ पासून ख्रिस्ती संस्थांचे एक स्वतंत्र परीक्षक मंडळ पुरस्कार देत आले आहे, आणि तिथेही निवडीत कलेची कसोटी महत्त्वाची असते.

श्रद्धा, कुटुंब आणि चमत्कार हे तिन्ही एकत्र असलेला चित्रपट समीक्षक डोक्यावर घेतात याचे सर्वांत ठळक उदाहरण कार्ल ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’ हा डॅनिश चित्रपट आहे. १९५५ मध्ये त्याला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो ज्या नाटकावर आधारलेला आहे त्याचे लेखक काय मुंक हे स्वतः पाळक होते. शेतावरचे एक घर. म्हातारा बोर्गन, त्याचे तीन मुलगे. थोरल्याचा देवावर विश्वास नाही, मधला स्वतःलाच येशू समजतो आणि घरच्यांना तो वेडा वाटतो, धाकट्याला वेगळ्या पंथातल्या शिंप्याच्या मुलीशी लग्न करायचे आहे. थोरल्याची बायको इंगर या घराला धरून ठेवणारी. ती बाळंतपणात जाते. आणि शेवटी, शवपेटीपाशी, तो वेडा भाऊ आणि तिची लहान मुलगी तिला परत बोलावतात आणि ती उठते. यापेक्षा उघड चमत्कार पडद्यावर दाखवता येणार नाही. केंड्रिक बंधूंच्या कुठल्याही चित्रपटात इतके धाडस नाही. तरी नास्तिक समीक्षकसुद्धा त्या प्रसंगापुढे गप्प होतात.

याचे कारण असे की ड्रायर यांनी तोवर चमत्काराची किंमत पूर्ण वसूल केलेली असते. त्या घरातल्या प्रत्येकाची श्रद्धा आधी हरलेली आपण पाहतो. म्हाताऱ्याची प्रार्थना फळत नाही. पाळक आणि डॉक्टर दोघांचीही चमत्कार या शब्दाने अडचण होते. इंगरचा मृत्यू दीर्घ आणि शारीरिक आहे, आणि तिचा नवरा मोडून पडतो तेव्हा तो तिच्या आत्म्यासाठी रडत नाही, तिच्या देहावरही आपले प्रेम होते म्हणून रडतो. देवाने उत्तर दिले नाही, ही शक्यता चित्रपट शेवटच्या काही मिनिटांपर्यंत खरी ठेवतो. ‘वॉर रूम’मध्ये ही शक्यता एकदाही खरी होत नाही. एलिझाबेथ खोलीत गेली त्या क्षणी पुढचे सगळे ठरले. तिच्या प्रार्थनेला एखादी रात्र अनुत्तरित गेली असती तर त्या प्रार्थनेचे वजन वाढले असते; ज्यांनी खरोखर अशा रात्री काढल्या आहेत त्या प्रेक्षकांना तो चित्रपट अधिक आपला वाटला असता.

अमेरिकेतलेच आणि साध्या घरातलेच उदाहरण हवे असेल तर १९८३ चा ‘टेंडर मर्सीज’ घ्यावा. दारूने बुडालेला एक गायक टेक्सासमधल्या रस्त्याकडेच्या मोटेलात येऊन पडतो, तिथल्या विधवेशी लग्न करतो, चर्चला जाऊ लागतो. रॉबर्ट डुव्हॉल यांना या भूमिकेसाठी आणि हॉर्टन फूट यांना पटकथेसाठी ऑस्कर मिळाले. त्यात बाप्तिस्म्याचा प्रसंग आहे. परतीच्या वाटेवर बायकोचा लहान मुलगा म्हणतो की सगळे म्हणत होते मी बदलून जाईन, पण मला थोडेसेच वेगळे वाटते आहे, तुम्हाला? गायक म्हणतो, अजून नाही. एवढ्या दोन शब्दांत चित्रपट त्या माणसाला आणि त्याच्या श्रद्धेलाही मोकळे ठेवतो. पुढे त्याची आधीच्या लग्नाची मुलगी अपघातात जाते. ती का गेली आणि मी का वाचलो, असे तो बायकोला विचारतो, आणि बायको उत्तर देत नाही. ती प्रार्थना करणारी बाई आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तिने उत्तर न देणे हीच तिची श्रद्धा आहे, असे मला दर वेळी वाटते. हा चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. त्या काळी चर्चमधून गटाने तिकिटे काढणारी यंत्रणाही नव्हती.

अलीकडच्या चित्रपटांत बदल दिसतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’चा खर्च सुमारे ७० लाख डॉलर होता आणि अमेरिकेत त्याने ८ कोटी डॉलरच्या वर कमावले; प्रेक्षकांची श्रेणी इथेही ‘ए प्लस’ होती, पण परीक्षणे ‘वॉर रूम’च्या मानाने बरीच मवाळ होती. मारहाण करणारा बाप आणि त्याला क्षमा करू न शकणारा मुलगा अशी ती कथा आहे, आणि बापाचे काम डेनिस क्वेड यांनी केले आहे. बाप बदलला आहे हे मुलाला पटत नाही, तो चिडतो, एवढ्या वर्षांनंतर तू देवाचे नाव घेऊन सुटणार का असा त्याचा राग आहे. इथे श्रद्धेनेच संघर्ष निर्माण केला आहे. चित्रपटात सोपेपणा पुष्कळ आहे, विशेषतः नायकाच्या प्रेमकथेत, पण बाप आणि मुलगा समोरासमोर असतात तेव्हा पुढे काय होईल हे ठरलेले वाटत नाही. त्यातली श्रद्धा काही कमी झालेली नव्हती आणि समीक्षकांना ती तेवढी खटकलीही नाही.

परीक्षण कसे वाचावे याचे उत्तर यातूनच निघते. टक्केवारी बाजूला ठेवावी आणि दोन-तीन पूर्ण परीक्षणे वाचावीत, त्यांतले एक तरी श्रद्धावान समीक्षकाचे असावे. परीक्षणात चित्रपटातला एखादा प्रसंग नेमका सांगितला आहे का ते पाहावे. ज्याने प्रसंग सांगितला त्याच्याशी आपल्याला भांडता येते, कारण तो प्रसंग आपणही पाहिलेला असतो. ज्याने नुसती विशेषणे दिली, मग ती ‘हृदयस्पर्शी’ असोत की ‘प्रचारकी’, त्याच्याशी भांडायला जागाच नसते. आणि आपल्याला रडू आले म्हणून शरमू नये. बाई आणि त्यांच्या सासूबाई ज्या ठिकाणी रडल्या ते ठिकाण त्यांनी आठवून पाहावे. ते टोनीच्या पोटदुखीपाशी नसेल असे मला वाटते. ते बहुधा मिस क्लारांच्या एखाद्या वाक्यापाशी, किंवा बापाने मुलीजवळ बसून आपली चूक कबूल केली त्या ठिकाणी असेल. तसे असेल तर त्यांचे अश्रू आणि समीक्षकाचा आक्षेप यांच्यात विरोध नाही. दोघांनी त्याच चित्रपटातल्या वेगवेगळ्या जागा पाहिल्या.

बाईंनी ‘फायरप्रूफ’ पाहिला नसेल तर जरूर पाहावा, आणि त्यातल्या एका प्रसंगाकडे लक्ष द्यावे. अग्निशमन दलातला कॅलेब आणि त्याची बायको कॅथरिन वेगळे होण्याच्या बेतात आहेत. त्याने स्वतःसाठी होडी घ्यायची म्हणून २४ हजार डॉलर साठवलेले आहेत आणि त्यावरून त्यांची भांडणे झाली आहेत. कॅथरिनच्या आजारी आईला रुग्णखाट आणि चाकांची खुर्ची हवी आहे. हे सामान एके दिवशी येते, आणि रुग्णालयातल्या ज्या डॉक्टरकडे कॅथरिनचे मन वळू लागले आहे त्यानेच पैसे दिले असे तिला वाटते. पुढे ते सामान विकणाऱ्या दुकानात कॅथरिन आभार मानायला म्हणून बोलते तेव्हा कळते की डॉक्टरने ३०० डॉलर दिले होते आणि बाकीचे सगळे तिच्या नवऱ्याने. त्याने तिला ते सांगितलेले नसते. या प्रसंगात कोणी प्रार्थना करत नाही, बायबलचे वचन म्हणत नाही, आणि कॅथरिनला जे कळते ते आपल्यालाही तिच्याबरोबरच कळते. त्या वेळच्या परीक्षणांत हौशी अभिनयाविषयी आणि फिक्या छायाचित्रणाविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आक्षेप बरोबरच होते. त्यासोबत या प्रसंगावर चार ओळी लिहिल्या गेल्या असत्या, तर केंड्रिक बंधूंना पुढच्या पटकथेसाठी आणि त्यांच्या प्रेक्षकांना पुढच्या चित्रपटासाठी त्यांचा उपयोग झाला असता.